दोन ऑर्फियस आणि एक ग्रंथपाल

इटालियन संगीतकार मॉन्टेव्हर्दीच्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेराची स्वरलिपी १६०९ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली. ऑर्फियस हा ग्रीक पुराणकथेतला गायक मृत पत्नी युरिडिसीला परत आणायला पाताळात निघालेला असतो. तिसऱ्या अंकात पाताळनदीवरचा नावाडी केरॉन ऑर्फियसला पैलतीरी न्यायला नकार देतो आणि ऑर्फियस त्याची मनधरणी करण्यासाठी गाऊ लागतो. त्या जागी गायकासाठी एकाऐवजी दोन ओळी छापलेल्या आहेत. वरच्या ओळीत चाल साधी, निव्वळ सांगाड्यासारखी आहे. खालच्या ओळीत तीच चाल ताना, मुरक्या आणि एकाच स्वरावर घेतलेले कंप यांनी इतकी गच्च भरली आहे की पान काळे दिसते. दोहोंपैकी एकच ओळ गावी, अशी सूचनाही सोबत आहे. ही पाने प्रथम पाहिली तेव्हा साधी ओळ ती संगीतकाराची रचना आणि भरलेली ओळ ती गवयाची हौस, अशी सोयीची वाटणी करून मी मोकळा झालो होतो. ती वाटणी चुकीची होती हे मला संगीताचे इटालियन इतिहासकार नीनो पिरोत्ता यांच्या लेखनामुळे कळले, आणि म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

ऑपेराच्या जन्माची एक कथा आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोरेन्समध्ये काउंट जोव्हान्नी दे बार्दी यांच्या घरी काही विद्वान आणि संगीतकार जमत. प्राचीन ग्रीक शोकनाट्ये अथपासून इतिपर्यंत गाऊन सादर केली जात असत, असे त्यांचे मत बनले. त्या नाट्यांचे पुनरुज्जीवन करण्याच्या खटपटीत बोलणे आणि गाणे यांच्या मधला एक प्रकार त्यांना सापडला आणि त्यातून ऑपेरा जन्मला. कथा मोठी गोड आहे. पंडितांच्या चुकीच्या समजातून एक जिवंत कला निपजते, हा तिचा विनोदही आकर्षक आहे. पिरोत्ता यांनी आयुष्याचा बराच काळ या कथेच्या शिवणी उसवण्यात घालवला, आणि तेही आवाज न चढवता.

त्यांचा जन्म १९०८ मध्ये सिसिलीतील पालेर्मो येथे झाला. संगीताचे शिक्षण त्यांनी पालेर्मो आणि फ्लोरेन्स येथे घेतले आणि १९३० मध्ये फ्लोरेन्सच्या विद्यापीठातून पदवी मिळवली. पुढे पालेर्मोच्या संगीत विद्यालयात अध्यापन आणि ग्रंथपालाचे काम ते १९३६ पासून बारा वर्षे करीत होते, आणि १९४८ ते १९५६ या काळात रोममधील सान्ता चेचिलिया या संस्थेच्या ग्रंथालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ऑपेरा हा त्यांचा पहिला विषय नव्हताच. साहित्याचे अभ्यासक एत्तोरे ली गोत्ती यांच्यासह त्यांनी १९३५ मध्ये काढलेले पुस्तक चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सचा लेखक फ्रान्को साक्केत्ती याच्या गेय कवितांविषयी आहे. साक्केत्तीने आपल्या हस्तलिखितात कवितांशेजारी त्यांना चाल लावणाऱ्या संगीतकारांची नावे नोंदून ठेवली होती. त्यांपैकी बऱ्याच चाली मात्र आज कुठेच मिळत नाहीत. नाव आहे, शब्द आहेत, गाणे नाही. तरुण वयात अशा रिकाम्या जागांकडे बघत बसण्याची सवय लागली, ती त्यांना जन्मभर पुरली असावी, असे मला वाटते.

बार्दींच्या मंडळावरचा त्यांचा निबंध १९५३ मध्ये इटालियनमध्ये आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आला. त्यातला मुख्य मुद्दा कालगणनेचाच आहे, पण तो नीट मांडला की जुनी कथा डळमळू लागते. मंडळाचा बौद्धिक आधार असलेले जिरोलामो मेई रोममध्ये राहत आणि पत्रांतून मार्गदर्शन करीत. मंडळाचा मुख्य लेखक व्हिन्चेन्झो गॅलिलेई, म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, १५९१ मध्ये वारले. बार्दी स्वतः १५९२ मध्ये रोमला निघून गेले. पहिला ऑपेरा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो ‘दाफ्ने’ झाला १५९८ च्या सुमारास, आणि तो याकोपो कोर्सी या वेगळ्याच धनिकाच्या आश्रयाखाली. कवी ओत्ताव्हिओ रिनुच्चिनी आणि संगीतकार याकोपो पेरी ही कोर्सींच्या घरची माणसे होती. मग बार्दींच्या मंडळाचे नाव या साऱ्याशी इतके घट्ट चिकटले कसे? त्यात जुलिओ काच्चिनी या गायकाचा मोठा हात आहे. आपल्या ‘युरिडिसी’ या ऑपेराच्या अर्पणपत्रिकेत त्यानेच बार्दींच्या घरच्या त्या मैफलीचा ‘कामेराता’ असा उल्लेख केला, आणि तो करताना आपण या नव्या गायनाचे आद्य प्रवर्तक आहोत हे ठसवण्याची त्याला घाई होती.

ही घाई अक्षरशः होती. ६ ऑक्टोबर १६०० रोजी मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहाप्रीत्यर्थ पिट्टी राजवाड्यात ‘युरिडिसी’ सादर झाला, तेव्हा संगीत पेरीचे होते आणि ऑर्फियसची भूमिकाही पेरीच गात होता. पण काच्चिनीच्या हाताखालच्या गायकांनी पेरीच्या चालीऐवजी काच्चिनीच्या चाली गायल्या. म्हणजे एकाच खेळात दोन प्रतिस्पर्ध्यांचे संगीत! पुढे काच्चिनीने त्याच संहितेला स्वतःच्या सगळ्या चाली लावल्या आणि पेरीची प्रत बाहेर पडण्याच्या काही आठवडे आधी आपली प्रत छापून मोकळा झाला. पिरोत्ता हे सारे कुचाळकी म्हणून सांगत नाहीत. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘स्वभाव’ हा शब्द आहे, आणि त्यांचे म्हणणे असे की जिला आपण एक चळवळ समजतो, ती निरनिराळ्या स्वभावांच्या, आपापल्या महत्त्वाकांक्षा असलेल्या आणि एकमेकांवर डोळा ठेवून असलेल्या माणसांची गर्दी होती.

त्यांचा १९५५ मधला निबंध फिरत्या नटमंडळ्यांच्या कोमेदिया देल्लार्ते या नाट्यप्रकाराविषयी आहे आणि माझा सर्वांत आवडता तोच. या मंडळ्यांतील नट लिखित संहितेवाचून, ठरावीक कथासूत्रावर, आयत्या वेळी संवाद रचत. आणि त्यांना गाता येत असे. इसाबेला आंद्रेइनी हिने १५८९ मध्ये फ्लोरेन्सच्या राजविवाहात वेड लागलेल्या नायिकेचा प्रवेश केला, त्यात सहनटांच्या बोलींच्या नकला केल्या आणि फ्रेंच गीते गाऊन दाखवली. तिची सून व्हिर्जिनिया हिची हकिकत तर थक्क करणारी आहे. मांतुआमध्ये १६०८ च्या राजविवाहासाठी मॉन्टेव्हर्दीच्या ‘आरियाना’ची तालीम चालू असताना प्रमुख भूमिका गाणारी कोवळ्या वयाची कातेरिना मार्तिनेल्ली देवीच्या साथीत दगावली. ऐन वेळी व्हिर्जिनिया या नटीला ती भूमिका देण्यात आली, तिने ती सहा दिवसांत पाठ केल्याचे सांगितले जाते, आणि तिच्या विलापाने प्रेक्षक रडले. ‘आरियाना’चे बाकीचे संगीत हरवले, तो विलाप तेवढा उरला. ग्रीक छंदशास्त्रावरचा वाद ज्यांच्या कानावरही गेला नसेल, त्या नटांच्या अंगी नव्या रंगभूमीचे अर्धे कौशल्य आधीच मुरलेले होते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे? व्हेनिसमध्ये १६३७ मध्ये सान कास्सियानो नाट्यगृहात तिकीट काढून पाहता येणारा पहिला ऑपेरा झाला, तोही नाटकमंडळीच्याच धर्तीवर: संगीतकार मानेल्ली, गायिका असलेली त्याची पत्नी आणि कवी फेर्रारी हेच त्या मंडळीचे चालक होते.

पिरोत्ता १९५६ मध्ये हार्वर्डला गेले, प्राध्यापक म्हणून आणि तेथील संगीत ग्रंथालयाचे प्रमुख म्हणूनही. तिथल्या पंधरा वर्षांत, १९६९ मध्ये, त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक ‘ली दुए ओर्फेई’, म्हणजे ‘दोन ऑर्फियस’, प्रकाशित झाले. दुसरा ऑर्फियस अर्थातच मॉन्टेव्हर्दीचा, मांतुआ येथे १६०७ मध्ये सादर झालेला. पहिला कवी पोलित्सियानोचा, त्याच मांतुआमध्ये १४८० च्या सुमारास झालेला. त्या जुन्या नाटकात ऑर्फियसची भूमिका बाच्चो उगोलिनी याने केली. वाद्य हातात घेऊन, काव्य जागच्या जागी रचत गाणारा तो एक नामांकित गायक होता. त्याने काय गायले याचा एक स्वरही कागदावर नाही. पोलित्सियानोचे शब्द आहेत, गायकाचे नाव आहे, गाणे नाही: पुन्हा साक्केत्तीच्या हस्तलिखितासारखीच रिकामी जागा.

लिखित संगीत हे हिमनगाचे वर दिसणारे टोक आहे आणि त्याचा फार मोठा भाग पाण्याखाली आहे, ही पिरोत्ता यांची उपमा त्यांच्या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. ती कुणा स्वप्नाळू माणसाने दिली असती तर मी तिला फारशी किंमत दिली नसती. परंतु ती देणारा माणूस तीन ग्रंथालये सांभाळलेला, लुक्का येथील जीर्ण हस्तलिखिताच्या सुट्या पानांवर काम केलेला आणि चौदाव्या शतकातील इटालियन संगीताचे अनेक खंड संपादित केलेला होता. कागदाची इतकी सेवा केलेल्या माणसाने कागदाची मर्यादा सांगावी, याला वजन आहे.

आता पुन्हा त्या दोन ओळींकडे वळतो. ऑर्फियसच्या त्या गाण्यातील कडवी तीन-तीन ओळींच्या साखळी यमकात आहेत आणि मंद्र स्वरांची एकच चौकट दर कडव्याखाली थोड्याफार फरकाने परत येते. ठरलेल्या चौकटीवर काव्य गात जाणे आणि दर फेरीला नव्या जागा घेणे, ही उगोलिनीसारख्या गायकांची रीतच होती. मॉन्टेव्हर्दीने ती रीत मोडली नाही. गळ्यातून निघून हवेत विरणारे ते काम एकदा कागदावर उतरवून दाखवले. त्यामुळे खालची काळीभोर ओळ ही साध्या ओळीवरची सजावट नसून पाण्याखालच्या हिमनगाचा अवचित वर आलेला तुकडा आहे, असे मला आता दिसते. (केरॉन या गाण्याने विरघळत नाही, त्याला झोप लागते, ही गोष्ट वेगळी.)

पिरोत्ता यांचे सगळेच मला पटते असे नाही. संगीताचे अभ्यासक क्लॉड पालिस्का यांनी १९६० मध्ये मेईंची पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. ती पत्रे आणि पेरीने आपल्या छापील ‘युरिडिसी’ला जोडलेली प्रस्तावना एकत्र ठेवली की विद्वानांच्या चर्चेला नुसती पार्श्वभूमी म्हणून बाजूला सारणे अवघड होते. बोलणे आणि गाणे यांच्या मधली गती शोधण्याविषयी पेरी इतक्या नेमकेपणाने लिहितो की त्याच्यापुढे काही एक सिद्धान्त होता हे मान्य करावेच लागते. पिरोत्ता यांना पंडितांपेक्षा गवई आणि नट अधिक जवळचे वाटत, आणि ते लपत नाही. पण पहिल्या ऑपेरांचे नायक ऑर्फियस आणि अपोलो यांच्यासारखे गायक किंवा देव आणि बाकीचे मेंढपाळ का, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मात्र निरुत्तर करणारे आहे: रंगमंचावरची माणसे बोलायचे सोडून गातात का, हे प्रेक्षकाला पटवायचे होते, आणि ऑर्फियसने गावे यात कुणालाच नवल वाटले नसते.

ते १९७२ मध्ये रोमच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि १९७८ पर्यंत तिथे होते. डॉन जिओव्हानीच्या कथेने संगीतरंगभूमीवर मोझार्टपर्यंत केलेल्या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९९१ मध्ये आले, तेव्हा त्यांचे वय ८३ वर्षांचे होते. १९९८ च्या जानेवारीत पालेर्मो येथेच त्यांचे निधन झाले.

‘ऑर्फेओ’च्या शेवटाचा तिढा त्यांनी कसा हाताळला, ते सांगायचे राहिले. १६०७ च्या छापील संहितेत शेवटी मद्यदेवतेच्या उन्मत्त स्त्रिया ऑर्फियसवर चालून येतात. १६०९ च्या स्वरलिपीत मात्र अपोलो ढगातून उतरतो आणि त्याला स्वर्गात नेतो. संगीतकाराचे मन बदलले, की आश्रयदात्यांना सुखान्त हवा होता? पिरोत्ता यांनी तर्क केला तो असा की अपोलोचा शेवटच मूळचा असावा, परंतु पहिल्या प्रयोगाच्या लहानशा जागेत ढगाचे यंत्र बसणे शक्य नव्हते, म्हणून तात्पुरता दुसरा शेवट करावा लागला. त्यांच्याशी सहमत नसलेले अभ्यासक आहेत, आणि राजवाड्यातील ती नेमकी कोणती खोली याविषयीही मतभेद आहेत. पण मॉन्टेव्हर्दीने १६०९ च्या अर्पणपत्रिकेत, हा खेळ आधी अकादमीसमोर ‘अरुंद रंगमंचावर’ झाला होता, असे जाता जाता लिहिले आहे. ते शब्द मी कितीदा वाचले होते. त्या रंगमंचावर ढग मावला असता का, हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.