ऑईल जातंय कुठे?

गाडी माझ्याकडे आली तेव्हा दोन मोठ्या कामांचा अंदाज मालकांना आधीच कुणीतरी देऊन ठेवला होता: गिअरबॉक्स पूर्ण खोलायचा आणि इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं सील, बदलायचं. जुनी फोर-व्हील ड्राईव्ह, पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याला कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचायची सोयच नाही. जे काय सांगायचं ते ऑईल, प्रेशर आणि व्हॅक्यूम सांगणार. खरं तर मला अशाच गाड्या आवडतात.

पहिल्यातून दुसऱ्यात जायला गाडी फार वेळ घ्यायची. इंजिन ओरडायला लागलं की मग खाडकन गिअर पडायचा. रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच नाही, मग धक्का. आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. "पण लो रेंजमध्ये घातली की मस्त चढते हो," मालक म्हणाले. एवढं ऐकून गिअरबॉक्सला क्लीन चिट देणारे मी पाहिलेत. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केसचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचं, रिडक्शन मदतीला येतं, गिअरबॉक्सवरचा भार कमी होतो आणि त्याच्या आतले घसरणारे क्लचही वेळ मारून नेतात. म्हणून ट्रायल मी हाय रेंजमध्येच घेतो.

ट्रायलहून आल्यावर गाडी गरम असतानाच सपाट जागी लावली. इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवला, पार्कमध्ये आणला आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली. ऑईल जेमतेम टोकाला लागलं होतं. लाल, जरासं काळपट, वास थोडा जळका, आणि त्यात बारीक बुडबुडे. ऑईल कमी पडलं की पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर धरत नाही. रिव्हर्सच्या उशिराचं उत्तर तिथेच मिळालं.

"मी तर सारखं ऑईल घालतोय," मालक म्हणाले, "आणि खाली थेंब पडत नाही."

रॅम्पवर घेतली. खरंच, गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन कोरडा, कूलरचे पाईप कोरडे. मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑईल गुपचूप ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, म्हणून तिचा लेव्हल प्लग खोलला. धार लागली नाही; ऑईल बरोबर प्लगच्या काठाशी. गिअरबॉक्सचं ऑईल रेडिएटरमधल्या कूलरमधूनही फिरतं, पण रेडिएटरमध्ये तवंग नाही, कूलंटही पूर्ण भरलेलं. हेड गॅस्केट गेलं की कूलंट सिलिंडरमध्ये शिरून त्याची वाफ पांढऱ्या धुरासारखी दिसते; आता कूलंट कमी होतच नसेल, तर धुराचा आळ हेड गॅस्केटवर कशाला? गिअरबॉक्सचं ऑईल गायब आणि इंजिनातून धूर, हे दोन आजार नसून एकच असावा अशी शंका मला आली.

या जुन्या गिअरबॉक्सच्या अंगावर डबीएवढा एक भाग असतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिन जिथून हवा ओढतं त्या इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्याला येते; त्या ओढीलाच व्हॅक्यूम म्हणायचं. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना व्हॅक्यूम भरपूर, म्हणून गिअरबॉक्समधल्या ऑईलचं प्रेशर कमी आणि गिअर लवकर, मऊ पडतात. पूर्ण दाबला की व्हॅक्यूम घटतो, प्रेशर वाढतं, गिअर उशिरा आणि जोरात पडतात. डबीतला रबरी डायफ्राम, म्हणजे पडदा, फाटला, तर गिअरबॉक्सला वाटतं की ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर कायम तळाला दाबलाय. वर इंजिन त्याच नळीतून ऑईल ओढून घेतं आणि जाळतं.

इंजिन बंद करून मॉड्युलेटरवरची रबरी नळी उपसली. तोंडाशी लाल ऑईल जमलं होतं. नळी जरा वाकवली तशी बारीक धार माझ्या मनगटावर आली. ही नळी हाडासारखी कोरडी असायला हवी. मॉड्युलेटरला व्हॅक्यूमचा छोटा हातपंप लावून हवा ओढायला गेलो, तर काटा वर जायचा आणि पंप थांबला की लगेच खाली. मॅनिफोल्डवर गेज लावलं, तर आयडलला पाऱ्याच्या 18 इंचांच्या आसपास स्थिर काटा. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं.

मॉड्युलेटर बदलणं म्हणजे एक बोल्ट, एक क्लॅम्प आणि नवी ओ-रिंग. मागचा व्हॉल्व्ह अडकत नाही ना, एवढं बघायचं. नळीही नवी घातली. त्याआधी पॅन मात्र उतरवला, कारण कमी ऑईलवर बरंच चालवून झालं होतं. तळाशी करडा, गुळगुळीत गाळ, तो असतोच. धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे पापुद्रे नव्हते. फिल्टर आणि ऑईल नवं भरलं.

पुढच्या ट्रायलला दुसरा गिअर कधी पडला ते मालकांना कळलंच नाही. धूर मात्र चालूच होता, आणि त्यांचा चेहरा पडला. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळून जाईपर्यंत तो राहणारच, असं सांगून मी त्यांना आणखी लांब फिरवून आणलं. परतीच्या वाटेवर तो विरत गेला.

चढावर पूर्ण दाबल्यावर दुसरा गिअर अजून किंचित घसरतो. क्लचने थोडा मार खाल्लाय हे त्यांना स्पष्ट सांगितलं. गिअरबॉक्स आज खोलायची गरज नाही, पण डिपस्टिक बघत राहा आणि ऑईल पुन्हा घटलं तर वरून ओतत बसू नका, गाडी इकडे आणा, असं बजावून चावी दिली.