आतलं पान

आमच्या घरी पेपर मागून वाचायची पद्धत. दिल्लीत काय चाललंय ते आजोबा दुपारी, जेवणं झाल्यावर सवडीनं बघायचे. सकाळी चष्मा लावला की थेट आतलं पान. तिथं दोनच गोष्टी शोधायच्या: पाणी कधी आणि कोण गेलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, त्यात उजनीची जलवाहिनी कुठं फुटली की वार आणखी पुढं सरकतो. "बघ की बे, आपल्या पेठंत कधी हाय?" असं मला विचारून ते निधनवार्तांकडं वळायचे. फोटो ओळखीचा निघाला की पेपराची घडी घालून टोपी शोधायला उठायचे.

आमच्याकडं रंगाअण्णा वैद्यांचा 'संचार' यायचा, शेजारी 'केसरी'. दुपारी अदलाबदल. पलीकडच्या घरात बोलणं तेलुगू, समोर कन्नड. पण कट्ट्यावर बसून पेपर सगळे मराठीच वाचायचे आणि भांडायचेही त्याच्यावरूनच. पुढं लोकमत, सकाळ, पुढारी आले, रंगीत पानं आली. तरी आजोबांचं बोट आतल्या पानावरच.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून मी कित्येक वर्षं शाळेत गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही नावं एका दमात म्हणता यायची. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, हेही पाठ होतं. जुनी माणसं अजून काळ सांगताना 'मार्शल लॉच्या आदी' म्हणायची. पण त्या चौघांतला एक पेपरवाला होता, हे मला फार उशिरा कळलं. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरायचे आणि 'गझनफर' नावाचं पत्र काढायचे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली तेव्हा ते जेमतेम विशीतले. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही मार्शल लॉतच शिक्षा झाली होती. म्हणजे आमच्या गावात संपादक होणं हे काही बसून खायचं काम नव्हतं.

गझनफर हे मला कुणा माणसाचं नाव वाटायचं. एका मित्राच्या वडिलांना विचारलं, तर ते हसले. "शेर, बेटा." सिंह. मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत राहिलो, आणि जिन्यात शेजाऱ्यांचा पेपर पडलेला दिसला तेव्हा थांबलोच. केसरी म्हणजे तरी दुसरं काय? पुण्याचा सिंह सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. आमचा मात्र गल्लीतही कुणाला आठवत नव्हता. त्याचा एकही अंक मी आजवर पाहिलेला नाही.

दरवर्षी १२ जानेवारीचा पेपर मात्र मी जपून उघडतो. चौघांचे फोटो, त्याखाली विनम्र अभिवादन करणाऱ्या पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो. शेजारी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या, बातम्या: नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, यण्णीमज्जन म्हणजे तैलाभिषेक. आजोबा नाहीत आता. तरी डोळे आपोआप खाली कोपऱ्यात जातात. गेल्या खेपेला तिथं दोनच ओळी होत्या: पाणी एक दिवस उशिरा.