घरगुती रडर पेडलं: चौकट झाली, सेन्सर बसला, ब्रेक बाकी

रडर म्हणजे विमानाच्या शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा पडदा. तो पायांनी चालवायच्या पेडलांची चौकट उभी राहिली, सेन्सर बसला, आणि सिम्युलेटरमधलं सेसना १७२ आता पायांनी वळतंय. पायाच्या पंजाने दाबायच्या ब्रेकचं काम अजून व्हायचंय. ज्यांना कमी पैशांत असंच काही करायचंय त्यांच्यासाठी आत्तापर्यंतची मापं, खर्च आणि माझी मतं इथे मांडतो.

बहुतेक जण आधी चांगली जॉयस्टिक घेतात, मग थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा दांडा), आणि पेडलं अगदी शेवटी किंवा कधीच नाही. माझ्या मते हा क्रम बदलायला हवा. स्टिक विकतच घ्यावी, साधी किंवा वापरलेलीही चालेल. एकमेकांत बसवलेले दोन अक्ष, हातात नीट बसणारी मूठ, तिच्यावर बटणं हे सगळं घरी करायचं तर थ्रीडी प्रिंटर तरी हवा नाहीतर लेथ. पेडलांना मात्र एकच अक्ष असतो, जागा भरपूर असते आणि जोर पायाचा असतो. सुतारकामातल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. उलट बाजारात पेडलांचा सेट साध्या स्टिकपेक्षा कितीतरी महाग मिळतो. स्वतः केल्याने सर्वांत जास्त पैसे वाचतात ते इथेच.

स्वस्त स्टिकची मूठ पिळून रडर देता येतं, मग पेडलं कशाला, असं विचारलं जातं. अडचण अशी की स्टिक डावीकडे झुकवताना मनगटही थोडं पिळलं जातं आणि एलेरॉनबरोबर (पंखांवरचे, विमान कलवणारे पडदे) नको तेवढं रडर जातं. डेड झोन (मध्याजवळचा, हालचाल मोजली न जाणारा भाग) वाढवला तर बारीक रडर देताच येत नाही. एक इंजिनाच्या विमानात तर बारीक रडर सतत लागतं. टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं, तिथे उजवा पाय हवा. वळणात शिरताना एलेरॉनमुळे नाक उलट्या बाजूला जातं, तिथे पुन्हा पाय हवा. सिम्युलेटरमधली आपोआप रडर देणारी सोय चालू असेल तर हे काहीच जाणवत नाही. ती बंद करा आणि टर्न कोऑर्डिनेटरमधला (वळण दाखवणाऱ्या उपकरणातला) चेंडू मध्यभागी ठेवून बघा. विमान उडवण्यातला निम्मा आनंद त्या चेंडूत आहे असं मी म्हणेन.

आता चौकट. १८ मिलिमीटर प्लायचे कापून उरलेले तुकडे पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले. रचना समांतरभुज चौकोनाची आहे: एकामागे एक दोन आडव्या पट्ट्या, दोन्ही मध्यावर फिरणाऱ्या, आणि त्यांच्या टोकांना पेडलं. दोन पट्ट्यांमुळे पेडल पुढे-मागे जाताना तोंड फिरवत नाही, पाऊल सरळच राहतं. एकाच पट्टीचा साधा रडर बारही चालतो, पण त्यात पाऊल घसरतं, म्हणून माझं मत दोन पट्ट्यांना. मध्यापासून पेडलापर्यंतचं अंतर १८ सेंटीमीटर, फिरण्याचा कोन दोन्हीकडे २० अंश. म्हणजे पाय प्रत्येक बाजूला साधारण ६ सेंटीमीटर जातो. यापेक्षा जास्त ठेवलं तर टेबलाखाली गुडघे अडतात.

एकूण सहा जागी सांधे आहेत. प्रत्येक सांध्यात ६०८ नंबरची दोन बेअरिंग, वरून एक आणि खालून एक. हे बेअरिंग सगळीकडे मिळतं, आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. एम८ बोल्ट त्यात तंतोतंत बसतो. २२ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा) घेऊन प्लायला दोन्ही बाजूंनी ७ मिलिमीटर खोल घर केलं, बेअरिंग लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बसवली. हे काम कोपऱ्यावरच्या सुतारकाकांच्या ड्रिल स्टँडवर केलं, कारण हातातल्या ड्रिलने भोक तिरकं गेलं की सांधा जड होतो. बेअरिंग आणि नट यांच्यामध्ये वायसर लहान घ्या, आतल्या रिंगपुरताच टेकणारा. मोठा वायसर बाहेरच्या रिंगला घासतो आणि बेअरिंगचा उपयोगच संपतो.

स्प्रिंगसाठी नाना पेठ. मोटरसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग स्वस्त असते, दोन्ही टोकांना आकडा तयार असतो, आणि पायाच्या जोराला ती सहज पुरते. दोन स्प्रिंगा समोरासमोर, दोन्ही आधीपासून थोड्या ताणलेल्या. पट्टीवर मध्यापासून ६, ८ आणि १० सेंटीमीटरवर भोकं ठेवली आहेत. स्प्रिंग आतल्या भोकात अडकवली की पेडल हलकं, बाहेरच्या भोकात जड. मी सध्या मधल्यावर आहे.

सेन्सरवर थोडं थांबतो, कारण इथे हिशेब केला तर पुढचा बराच त्रास वाचतो. चौकट नीट चालते का हे बघायला आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेलं बी१०के पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवलं की व्होल्टेज बदलणारा भाग) लावलं. बी म्हणजे लिनिअर. ए लिहिलेलं घेऊ नका, त्याचा प्रतिसाद कोनाच्या प्रमाणात बदलत नाही. असं पॉट साधारण ३०० अंश फिरतं आणि माझं पेडल एकूण ४० अंशच. पेडल कॉम्प्युटरला जोडणारा छोटा प्रो मायक्रो बोर्ड व्होल्टेजचे १०२४ भाग करतो, त्यातले वाट्याला येतात जेमतेम १३६. कॅलिब्रेशनमध्ये हे १३६ ताणून पूर्ण पल्ला दिसतो खरा, पण पायऱ्या तेवढ्याच राहतात. पाऊल जवळजवळ १ मिलिमीटर सरकल्याशिवाय विमानाला पत्ता लागत नाही. शिवाय पॉटची कार्बनची वाट झिजते, धूळ बसते, आणि आकडा थरथरायला लागतो.

म्हणून आता एएस५६०० लावलाय. हा चुंबकाचा कोन मोजणारा १२ बिटचा सेन्सर आहे, पूर्ण ३६० अंशांचे ४०९६ भाग करतो. माझ्या ४० अंशांना ४५५ पायऱ्या मिळतात, म्हणजे पाऊल पाव मिलिमीटरच्या आसपास सरकलं तरी कळतं. कुठेच काही घासत नाही, त्यामुळे झीज नाही. चुंबक मात्र व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच हवा, म्हणजे गोल चकतीच्या अर्ध्या भागात एक ध्रुव आणि अर्ध्यात दुसरा. नेहमीच्या नाण्यासारख्या चुंबकांचे ध्रुव वर-खाली असतात, ते इथे चालत नाहीत. चुंबक आणि चिप यांच्यात अर्धा ते ३ मिलिमीटर अंतर ठेवायचं. आणि चुंबक थेट पोलादी बोल्टच्या डोक्यावर चिकटवायचा नाही, पोलाद त्याचं क्षेत्र खेचून घेतं. मी मध्ये ॲक्रिलिकचा ठोकळा दिलाय.

एसएस४९ई हा साधा हॉल सेन्सर (चुंबकाचा जोर मोजणारा) आणखी स्वस्त आहे आणि बरेच जण तोच वापरतात. त्याला अडचण अंतराची. चुंबकाचा जोर अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, त्यामुळे चुंबक कुठे आणि कसे ठेवायचे यावर खूप वेळ जातो. थ्रॉटलसाठी ठीक, रडरला मी एएस५६००च सुचवेन.

बोर्ड प्रो मायक्रो, एटीमेगा३२यू४ वाला. ही चिप स्वतःच यूएसबी बोलते, म्हणून कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक दिसते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नेहमीचा अर्डुइनो उनो (आर३) घेऊ नका, त्यावरच्या मुख्य चिपला यूएसबी येत नाही. प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट नाजूक असतं, जोडायच्या आधीच ग्लू गनने त्याभोवती गोंद भरून टाका. टाइप-सी सॉकेटचा मिळाला तर तोच घ्या.

खर्च: प्लाय ३५० रुपये, बारा बेअरिंग ४८०, नट-बोल्ट आणि वायसर २००, स्प्रिंगा १२०, बोर्ड ५५०, चुंबकासकट सेन्सर २२०, वायर आणि किरकोळ १००. एकूण २०२० रुपये. स्टिक आधीच होती, ती यात धरलेली नाही.

पहिली खरी परीक्षा सिम्युलेटरमधल्या मुंबईच्या २७ नंबर (म्हणजे २७० अंश दिशेच्या) धावपट्टीवर घेतली, पावसाळ्यात असतो तसा नैर्ऋत्येचा वारा लावून: २४० अंशांवरून २० नॉट. धावपट्टीशी ३० अंशांचा फरक, म्हणजे आडवा वारा १० नॉट. सेसना १७२साठी १५ नॉटपर्यंत प्रात्यक्षिक झालेलं आहे, त्यामुळे हा वारा मर्यादेत, पण पाय झोपू देणारा नाही. नाक डावीकडे, वाऱ्यात ठेवून यायचं, जमिनीजवळ उजवं रडर देत नाक मधल्या रेषेवर आणायचं आणि डावा पंख किंचित खाली धरायचा. पिळायच्या मुठीवर हे एका हाताने तीन हातांचं काम करण्यासारखं होतं. पेडलांवर पाय आपलं काम करतात आणि हात आपलं. मधली रेषा दोन चाकांच्या मधोमध सापडली तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही.

फरशीवर चौकट पुढे सरकते, यावर उपाय म्हणून तळाची फळी मागे वाढवून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांखाली घेतली. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

पुढचं काम ब्रेक. तिथे कोन मोजायचा नाही, दाब मोजायचाय, कारण खऱ्या ब्रेकला पाय किती सरकला यापेक्षा किती जोराने दाबला हे महत्त्वाचं. लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) आणि त्याचं वाचन घेणारं एचएक्स७११ मॉड्यूल आणून ठेवलंय. स्वस्त मॉड्यूलवर वाचनाचा वेग ठरवणारी रेटची पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि सेकंदाला १० वेळाच वाचन मिळतं. ब्रेकसाठी हे फार संथ आहे. पिन उचलून व्हीसीसीला जोडली की ८० मिळतात, ते सोल्डरिंग या आठवड्यात करतोय. त्यानंतर पेडलांना डॅम्पर द्यायचाय, सोडल्यावर ती मध्याच्या अलीकडे-पलीकडे झुलतात. कपाटाच्या दाराचा हायड्रॉलिक डॅम्पर कोणी लावून बघितला असेल तर किती लांबीचा आणि पट्टीवर कुठे, ते नक्की सांगा.