म्हातारपण, भूल आणि दातांची सफाई

आमच्या तेरा वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्र्याचे, म्हणजे चिकूचे, दात भूल देऊन साफ करावेत की नाही, याबद्दल आज डॉक्टरांशी सविस्तर बोलणे झाले. त्यांनी त्याचा ओठ वर करून दाखवला, तेव्हा मागच्या मोठ्या दाढेवर तपकिरी कीटण चढलेले होते आणि हिरडीला बोट लागताच रक्त आले. म्हातारपण हा काही आजार नव्हे. परंतु या वयात मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय आतून थकलेले असू शकते, भुलीत रक्तदाब उतरला तर मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि एवढासा जीव टेबलावर लवकर गार पडतो, म्हणून आधी रक्ततपासणी आणि चिकूच्या हृदयात मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आल्यामुळे इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करायचे ठरले. भूल न देता दात खरवडून देणारेही भेटतात (स्वस्तात, अर्थातच), पण त्याने दिसणारा भाग तेवढा चकचकीत होतो आणि हिरडीखालची घाण तशीच राहते. शिवाय भुलीत श्वासनलिकेत नळी घातलेली असल्याने पाणी आणि कीटणाचे कण फुफ्फुसात जाण्याची भीती बरीच कमी होते. अहवाल ठीक आले तर सलाइन लावून, रक्तदाब सतत मोजत पुढच्या आठवड्यात सफाई करू.