नौपाड्यातलं डायनिंग टेबल आणि ऑक्सफर्डशायरचा बीम

मागच्या जुलैत सुट्टीला ठाण्याला आले आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा बीमटाईम लागला. बीमटाईम म्हणजे सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्स-रेचा प्रखर झोत (बीम) काढणाऱ्या मोठ्या यंत्रावर, आपल्या ग्रुपच्या वाट्याला आलेले तास, अर्ज करून वाट बघून बघून आठ तास हाती लागतात, ते सोडायचा प्रश्नच नव्हता. पण हल्ली हे काम लांबूनही करता येतं. निघायच्या आधीच मी प्रोटीनचे क्रिस्टल लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवले होते, तिथल्या सहकाऱ्याने ते मशीनमध्ये लावून दिले, आणि रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी पाचला, मी नौपाड्यातल्या आमच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले. बाहेर धो धो पाऊस. मी इथे बटण दाबते आणि तिकडे इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमधल्या हार्वेलला डायमंड लाईट सोर्स या सिंक्रोट्रॉनमध्ये रोबोचा हात केसाएवढ्या बारीक लूपमधला क्रिस्टल उचलून एक्स-रेच्या वाटेत धरतो, हे इतकी वर्षं करूनही मला दर वेळी भारी वाटतं.

आई शेजारी मेथी निवडत होती. स्क्रीनवर पहिला फोटो आला, काळे काळे ठिपके, आणि ती म्हणाली, "अगं, ही तर ठिपक्यांची रांगोळी." मी म्हटलं हो, आणि आमचा सगळा त्रासही तोच आहे. क्रिस्टलमध्ये एकाच प्रोटीनचे असंख्य रेणू एका शिस्तीत रांगेने बसलेले असतात, एक्स-रे त्यांच्यावरून विखुरतात आणि त्याचे हे ठिपके पडतात. प्रत्येक ठिपका किती गडद ते मोजता येतं, पण लाटा कुठल्या टप्प्यात होत्या, ज्याला आम्ही फेज म्हणतो, ती माहिती फोटोत येतच नाही. ठिपके सगळे हातात, रेषा कशा जोडायच्या ते माहीत नाही.

आईला सध्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, हिमोग्लोबिन कमी आलंय म्हणून, तर तिला मी मॅक्स पेरुट्झची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियातून केंब्रिजला आलेला हा माणूस १९३७ पासून घोड्याच्या हिमोग्लोबिनच्या क्रिस्टलमागे लागला होता आणि वर्षानुवर्षं या फेजपाशीच अडकून होता. १९५३ मध्ये त्याने प्रोटीनला पाऱ्याचे अणू चिकटवले. पारा इतका जड की ठिपक्यांची चमक बदलते, आणि त्या फरकावरून फेज काढता येते. १९५९ मध्ये हिमोग्लोबिनची रचना दिसली आणि १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला आणि जॉन केंड्र्यूला मिळालं. एका हिमोग्लोबिनमध्ये लोखंडाचे अणू फक्त चार, हजारो अणूंच्या पसाऱ्यात चार! आई गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन बघत राहिली, म्हणाली, "म्हणजे तव्यातलं लोखंड ते हेच?" हो आई, मूलद्रव्य तेच.

माझ्या प्रोटीनमध्ये लोखंड नाही, तांबं आहे. मातीतल्या काही जिवाणूंचं ते एन्झाईम, नायट्राईटचं नायट्रिक ऑक्साईड करणारं. याचा आपल्याशी संबंध काय तर शहापूरकडच्या मामाच्या भातशेतीशी आहे. आवणीनंतर मामा युरिया टाकतो, खाचरात पाणी तुंबलेलं, मातीत ऑक्सिजन नाही, मग हे जिवाणू ऑक्सिजनऐवजी युरियापासून मातीत झालेल्या नायट्रेटवर श्वास घेतात आणि पैसे मोजून टाकलेला नायट्रोजन पायरी पायरीने हवेत जातो. वाटेत नायट्रस ऑक्साईडही तयार होतो, जो वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साईडच्या २५० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. या सगळ्या साखळीतल्या एका पायरीवर माझं तांबं बसलंय, तीन भागांचं एन्झाईम, प्रत्येक भागात तांब्याचे दोन अणू, एक इलेक्ट्रॉन आणून देणारा आणि दुसरा प्रत्यक्ष काम करणारा.

आता खरी कटकट. त्या काम करणाऱ्या जागेत तांब्याऐवजी जस्त जाऊन बसू शकतं, आणि मग एन्झाईम दिसायला तसंच पण नायट्राईटला हातही लावत नाही. एक्स-रेला इलेक्ट्रॉन दिसतात, तांब्याचे २९ आणि जस्ताचे ३०, एवढ्याशा फरकावरून ओळखणार कसं? पण प्रत्येक धातूची स्वतःची एक ऊर्जा असते, तिच्या पुढे गेलं की तो अणू एक्स-रे जोरात शोषायला लागतो. तांब्याची साधारण ८.९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, जस्ताची ९.६६. म्हणून मी बीम या दोन्हींच्या मध्ये, ९.२ वर लावते. तिथे तांबं असेल तर नकाशात, म्हणजे ठिपक्यांवरून काढलेल्या अणूंच्या जागांच्या चित्रात, ठळक उठून दिसतं आणि जस्त गप्प बसतं, मग ९.६६ च्या वर जाऊन पुन्हा बघायचं. सिंक्रोट्रॉनची गरज यासाठीच, ५६१ मीटर घेराच्या त्या रिंगमधून हवी ती ऊर्जा निवडून घेता येते.

आणि एक दुःख मला अजून पचत नाही. हे क्रिस्टल हिरवे असतात, सुंदर, ताज्या पोपटी पानासारखे, तो रंग तांब्याचाच. बीम पडला की त्या जागेचा हिरवा रंग कॅमेऱ्यात डोळ्यांदेखत फिका होतो, कारण एक्स-रेने सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याला जाऊन मिळतात. उणे १७३ अंशाला ठेवूनही हे थांबत नाही. म्हणजे जे बघायचं तेच बघता बघता बदलतं. म्हणून आम्ही एक्स-रेची अगदी कमी मात्रा देऊन एकाच क्रिस्टलचे ओळीने अनेक डेटासेट, म्हणजे फोटोंचे संच, घेतो, पहिल्यात तांबं जवळपास मूळ स्थितीत आणि पुढे पुढे बदलत गेलेलं, असा तो बदलच टिपायचा.

दीडच्या सुमाराला लाईट गेली. फोनचा हॉटस्पॉट लावला, आईने मेणबत्ती आणली आणि झोपायला जा म्हटलं तरी गेली नाही. पाच वाजता शेवटचा क्रिस्टल झाला, नळाला पाणी आलं, तिने चहा टाकला. नकाशे उघडून बघितले, एका बॅचमध्ये दोन्ही जागी तांबं स्वच्छ, दुसऱ्या बॅचमध्ये कामाच्या जागेवर ९.२ ला काहीच नाही आणि ९.६६ च्या वर मोठा ठिपका. जस्त. म्हणजे परत गेल्यावर ती बॅच टाकायची आणि प्रोटीन पुन्हा बनवायचं, या वेळी जिवाणू वाढवतानाच तांबं भरपूर घालून.