अकरा सेकंद

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला प्रोबेशन ऑफिसर म्हणून, म्हणजे कोर्टाने अटींवर बाहेर सोडलेल्यांवर लक्ष ठेवायला, लागले तेव्हा वाटायचं, आपण गोड बोलतो, कागद सावकाश वाचून दाखवतो, मग ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, लोकांशी कसं वागावं याचं वेगळं ट्रेनिंग ते काय घ्यायचं? दोन दिवस स्लाइड्स बघायच्या आणि सही करून निघायचं, असं धरूनच गेले.

शिकवायला अरर्न्ट या ॲबोरिजिनल समाजातल्या एक वयस्क बाई होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. इथे तो मानाचा शब्द आहे, मिळवावा लागतो. त्यांनी मलाच पुढे बोलावलं. "मी वीस वर्षांचा वार्लपिरी मुलगा. विचार काय विचारायचं ते." (वार्लपिरी हा इथला आणखी एक ॲबोरिजिनल समाज, आणि त्यांची भाषाही.)

"शनिवारी दारू प्यायलास?"
"हो."
"म्हणजे प्यायला नव्हतास, घरीच होतास?"
"हो."
"अटी समजल्या?"
"हो."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

समोर सरकारी माणूस, इंग्रजी तिसरी-चौथी भाषा, त्यात प्रश्नांची सरबत्ती. अशा वेळचा 'हो' म्हणजे 'एकदाचं आटप'. कोर्टाला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. नॉर्दर्न टेरिटरी, म्हणजे आमच्याच प्रांताच्या सुप्रीम कोर्टाने अनुंगा खटल्यात 1976 सालीच ॲबोरिजिनल आरोपींच्या चौकशीसाठी पोलिसांना नियम घालून दिले: दुभाष्या हवा, आरोपीच्या विश्वासाचं माणूस सोबत हवं, उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत. आणि गप्प राहण्याचा हक्क सांगितला की 'समजलं ना?' विचारून मोकळं व्हायचं नाही, अर्थ त्याच्याच तोंडून ऐकायचा. चहा-पाणी विचारा, हेसुद्धा त्यात आहे! पुढे ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या 99 मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 1991मध्ये 339 शिफारशी केल्या, त्यांत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्याही होत्या. एवढं होऊन मी मात्र 'समजलं ना?'वरच अडकलेली.

जेवणाच्या सुट्टीत मला एक फाइल आठवली. 'अटी समजावल्या, मान्य' असं माझ्याच अक्षरात. तो मुलगा दोनदा हजेरीला आला नाही आणि मी अटभंगाचा रिपोर्ट पाठवून दिला. मामा गेले म्हणून तो सॉरी बिझनेसला, म्हणजे सुतकाच्या विधींना, गेला होता. ते विधी कित्येक दिवस चालतात. कहर म्हणजे खात्री करायला मी त्याच्या आजीला फोन केला आणि मेलेल्या माणसाचं नाव तीनदा घेतलं. त्यांच्यात वारलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. पलीकडे नुसती शांतता. मला वाटलं, लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी आंटींनी फक्त गप्प बसायला शिकवलं. प्रश्न विचारायचा, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, थांबायचं. पेन टेबलावर. बोलायला शिकवणारी ट्रेनिंग मी ढिगाने केलीत. हे त्यांच्यापेक्षा अवघड निघालं. चौथ्या सेकंदाला माझी जीभ वळवळायला लागते.

पुढच्याच आठवड्यात एक नवा माणूस आला. फोनवर वार्लपिरी दुभाषी. अटी सांगून झाल्यावर म्हटलं, "आता मंगळवारी तुम्ही काय करणार, ते मला सांगा." तो जमिनीकडे बघत बसला. भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा सेकंद मोजले. मग तो हळू आवाजात बराच वेळ बोलला.

दुभाषी म्हणाली, "मंगळवारचं जमणार नाही म्हणतायत. त्यांच्या वस्तीवरून गाडी फक्त गुरुवारी सुटते."

मी मंगळवार खोडला.