दोन बोटे उंची

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

खोपोलीहून परतायला आज नऊ वाजून गेले. मुक्ता गाडीतच झोपली, आणि तिला उचलून वर आणताना तिच्या मुठीतला इमॅजिका या करमणूक उद्यानाचा घडी घातलेला नकाशा काही केल्या सुटेना. त्या नकाशाच्या कडेच्या कोऱ्या जागेत निळ्या बॉलपेनने ओढलेल्या दोन आडव्या रेघा आहेत. त्या कोणी आणि का ओढल्या हे आजच लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून डोळ्यांवर झापड असतानाही वही उघडली आहे.

गेला आठवडाभर घरात तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरखेरीज दुसरा विषय नव्हता. रांगेत बराच वेळ उभे राहिल्यावर अखेर आमचा क्रमांक आला आणि उंची मोजण्याच्या पट्टीपाशी मुक्ता दोन बोटांनी कमी पडली. तिने हळूच टाचा उचलल्या. तिथल्या मुलाने काही न बोलता तिच्या पायांकडे पाहिले आणि तिने त्या पुन्हा टेकवल्या. ‘दोन बोटांनी काय होणार आहे, सोडा ना’ हे वाक्य अगदी माझ्या ओठांवर आले होते. मागची माणसे पुढे सरकत होती, आणि सकाळपासून त्याच जागी उभे राहून चष्मे, मोबाइल, चपला यांच्याबद्दलच्या त्याच त्या सूचना देऊन त्याचा घसा बसला होता. मान हलवून त्याने आम्हांला बाजूला व्हायला सांगितले असते, तरी त्यात त्याची काही चूक ठरली नसती.

पण तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्याशी न बोलता थेट तिच्याशी बोलला. या गाडीत पायांखाली फळी नसते, पाय अधांतरी असतात, त्यामुळे खांद्यांवरून खाली येणाऱ्या पट्ट्यानेच माणसाला धरून ठेवायचे असते. खांदे तिथवर पोचले नाहीत तर मध्ये पोकळी राहते, आणि गाडी उलटी झाली की अंग त्या पोकळीत सरकते, हे त्याने तिला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावे तसे समजावले. मग तिच्या हातातला नकाशा घेऊन त्याने एक रेघ ओढली, तिच्यावर आपली दोन बोटे आडवी ठेवली आणि बोटांच्या वर दुसरी रेघ ओढली. “एवढंच वाढायचंय. वाढलीस की हा कागद घेऊन ये,” एवढे बोलून तो उठला आणि पुढच्या माणसाला चष्मा काढायला सांगू लागला. सगळे मिळून मिनिटभरही गेले नसेल. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी जमले होते, पण ते गालांवर आले नाही.

गाडी चालवताना माझ्या मनात सारखी आजी येत होती. १९९५च्या डिसेंबरात आम्ही सगळी भावंडे तिला घेऊन एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. मार्व्याच्या जेट्टीवरून लाँच सुटली, तेव्हा आजीने पाण्याला हात जोडले होते. पुढे दिवसभर तिने काय केले, तर एकेका खेळाच्या कठड्याबाहेर बाकावर बसून आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळल्या. अशा ठिकाणी प्रत्येक कुटुंबात एक माणूस पिशव्यांपाशी राहतेच, आणि ते माणूस कोण हे कोणी ठरवावे लागत नाही; ती गोष्ट तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. ती आली लहान मुलांची आगगाडी चालवणाऱ्या माणसाच्या. आम्ही दुसऱ्यांदा रांगेत लागलो, तेव्हा तो कठडा ओलांडून बाकापाशी गेला आणि म्हणाला, “आजी, पिशव्या माझ्या केबिनीत राहू द्या, तुम्ही बसा गाडीत.” आजी नको नको म्हणत असतानाच त्याने दोन्ही हातांत पिशव्या उचलल्या, आमच्या चपलासुद्धा. तिला पहिल्या डब्यात बसवले, लुगड्याचा पदर चाकाकडे जाणार नाही असा नीट खोचून घ्यायला सांगितले, आणि तो खोचून होईपर्यंत गाडी थांबवून ठेवली. तो मनोरीचा होता, एवढेच तिने बोलता बोलता त्याच्याकडून काढून घेतले.

त्या दिवशी मी कोणकोणत्या पाळण्यांत बसले, ते मला आता नीट आठवत नाही. आजीची खोचलेल्या पदरावर दाबून धरलेली मूठ मात्र स्पष्ट दिसते. पुढे ती गावी गेली की ही हकिकत सांगायची; शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली की त्या मुलाचे नाव विचारायचे राहूनच गेले.

मुक्ता तीन वर्षांची असताना आम्ही तोक्योत निशी-कसाईला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिथून जवळच असलेल्या डिस्नेलँडमध्ये झाडणाऱ्या एका कामगाराने झाडू पाण्यात बुडवून फरशीवर मिकीचा चेहरा काढला. ऊन होते, पाच मिनिटांत तो वाळून गेला, आणि तोवर तो माणूस झाडत झाडत पुढेही गेला होता. त्या रात्री बहिणीने ११ मार्च २०११ च्या भूकंपाची गोष्ट सांगितली. दुपारी पावणेतीनच्या सुमारास जमीन हलली तेव्हा तिथल्या दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ७०,००० माणसे होती, आणि रेल्वे बंद पडल्याने त्यांतल्या सुमारे २०,००० जणांना ती थंडीची रात्र तिथेच काढावी लागली. दुकानांतल्या कामगारांनी विक्रीची कापडी खेळणी लोकांच्या हातांत दिली, डोक्यावर धरून त्यांचा आडोसा करा म्हणून. मग विक्रीचाच खाऊही वाटला. त्या खेळण्यांची किंमत कोण भरणार, हा हिशेब त्या क्षणी कोणी मांडला नाही.

डिस्नेच्या उद्यानांत कामगारांना वर्षानुवर्षे शिकवला गेलेला क्रम प्रसिद्ध आहे: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, त्यानंतर देखावा आणि कामाचा झपाटा. पहिल्या दोहोंचा क्रम असा का, हे मला आज खोपोलीत नीट कळले. नियम थोडा वाकवून मुक्ताला आत सोडणारा माणूस मला आज दयाळू वाटला असता, आणि ते माझे फार मोठे चुकले असते. सुटीच्या दिवशी आपण मजा करत असतो तेव्हा ही माणसे कामावर असतात, दिवाळीत आणि मे महिन्यात तर त्यांना उसंतच नसते. हसतमुख राहायला त्यांना शिकवताही येत असेल. पण बाकावर पिशव्या घेऊन बसलेली म्हातारी दिसणे आणि ‘नाही’ म्हणण्यासाठी एका मुलीसमोर उकिडवे बसणे, हे त्या त्या माणसाचे स्वतःचे असते. त्या दोघांचेही मला मनापासून आभार मानायचे आहेत. मनोरीच्या त्या माणसाला गाठणे आता शक्य नाही. आजच्या मुलाचे नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर असणार, पण तेवढे पाहण्याचे भान मलाही राहिले नाही. उद्या उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहून, दुपारी नायट्रोच्या पट्टीपाशी कोण होते ते विचारणार आहे.

मुक्ता गाढ झोपल्यावर मघाशी तिच्या मुठीतून नकाशा सोडवून घेतला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर गेल्या महिन्यात तिच्या नवव्या वाढदिवसाला केलेली पेन्सिलची खूण आहे. खालची रेघ बरोबर त्या खुणेवर येईल असा नकाशा तिथे चिकटवला आहे. सकाळी दात घासण्याआधी ती तिथेच जाऊन उभी राहील. टाचा टेकव, एवढे मात्र सांगावे लागेल.